दर नाताळाला थोडे म्हातारे

ड्युनेडिनला ओटागो विद्यापीठाचा हॉकन संग्रह आहे. नाटककार रॉबर्ट लॉर्ड यांच्या खासगी रोजनिश्या तिथे जपून ठेवल्या आहेत. २०२३ साली त्या पुस्तकरूपाने निघाल्या, माणूस गेल्यावर ३१ वर्षांनी! आपल्या गडकऱ्यांचे खासगी आयुष्य आपल्याला कळते ते बहुतेक स्नेह्यांच्या आठवणींतून आणि किश्श्यांतून; इथे माणूस स्वतःच बोलतो.

लॉर्ड १९४५ साली रोटोरुआला जन्मले. १९७३ मध्ये नाटककारांसाठी ‘प्लेमार्केट’ ही संस्था उभारणाऱ्यांत ते होते. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कला राहिले. रोजनिश्याही १९७४ पासूनच्याच आहेत. समलिंगी पुरुषांचे संबंध न्यूझीलंडमध्ये १९८६ पर्यंत गुन्हा होते. मोकळे लिहायला त्यांना वही आणि परदेश, दोन्ही लागले असावेत.

अशी पुस्तके हाती आली की नाटकातल्या प्रत्येक पात्राची किल्ली वहीत शोधण्याचा मोह होतो. मला तो मार्ग पटत नाही. वहीतले लॉर्ड स्वतःविषयी बोलतात. ‘जॉयफुल अँड ट्रायम्फंट’ लिहिणारे लॉर्ड दुसऱ्यांचे ऐकतात. या नाटकात एका साध्या कुटुंबाचे १९४९ ते १९८९ या काळातले नाताळ आहेत. माणसे तीच, सण तोच, मधली वर्षे गाळलेली.

पण रोजनिश्यांमुळे या गाळलेल्या वर्षांकडे माझे नव्याने लक्ष गेले. घरातच राहणाऱ्याला आईवडील म्हातारे होताना दिसत नाहीत. दोन-तीन वर्षांनी मुंबईला उतरणाऱ्या आपल्यासारख्यांना ते एकदम दिसते. गेल्या खेपेला वडील बॅग उचलायला धावले होते, या खेपेला जिन्यातच बसले. एका नाताळावरून दुसऱ्यावर उडी घेणारी ही रचना मला तरी दूर राहिलेल्या मुलाच्या नजरेची वाटते. आणि त्यात मायदेशाच्या आठवणींचा गळा काढलेला नाही, हे विशेष. आपल्या स्नेहसंमेलनांतल्या एकांकिका आठवून पाहा!

१९८७ मध्ये लॉर्ड बर्न्स फेलोशिपवर ड्युनेडिनला आले. तिथेच जानेवारी १९९२ मध्ये, ४६ व्या वर्षी, वारले. नाटक त्यानंतर काही आठवड्यांनी वेलिंग्टनच्या सर्का नाट्यगृहात लागले. टायटन स्ट्रीटवरच्या त्यांच्या छोट्या घरात आता लेखक येऊन राहतात, लिहितात.