‘फँड्री’ ते ‘झुंड’ : सरस कोणता, उणा कोणता?

नागराज मंजुळे यांचा सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता, असा प्रश्न नागपुरात निघाला की उत्तर बहुधा ‘सैराट’ असे येते. आणि सर्वांत उणा कोणता, असे विचारताच ‘झुंड’चे नाव पुढे होते. ‘झुंड’ आपल्याच शहरात घडतो, त्याचे चित्रीकरण येथेच झाले, इथल्याच वस्त्यांतील मुले त्यात वावरतात, तरीही हा निकाल! किंबहुना तसे आहे म्हणूनच हा निकाल, अशी आम्हांस शंका आहे. म्हणून दोन्ही उत्तरांची थोडी उलटतपासणी येथे करावयाची आहे.

‘नाळ’ किंवा ‘घर बंदूक बिरयाणी’ हे चित्रपट त्यांच्या नावावर सर्रास जमा केले जातात. परंतु त्यांचे दिग्दर्शन इतरांचे आहे, म्हणून ते बाजूस ठेवू. विचारात घ्यावयाचे ते तीन: २०१३ साली पूर्ण होऊन २०१४ च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत आलेला ‘फँड्री’, २०१६ चा ‘सैराट’ आणि २०२२ चा ‘झुंड’. शिवाय ‘पिस्तुल्या’ आणि ‘पावसाचा निबंध’ हे दोन लघुपट. दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, पण आपल्या घरांतून ते फारसे पाहिले गेलेले दिसत नाहीत. त्यांतला दुसरा तरी अवश्य पाहावा. शाळेत पावसावर निबंध लिहावयास सांगितला आहे आणि मुलाच्या घरात पाऊस शिरतो आहे, एवढीच गोष्ट. आपल्या शाळांतून दर जुलैत हाच निबंध लिहून घेतला जातो, हे शिक्षक वाचकांना सांगणे नलगे.

आमच्या मते मंजुळ्यांची सर्वांत निर्दोष कृती ‘फँड्री’ हीच होय. कैकाडी कुटुंबातील जब्या शाळेतील शालूवर मनोमन जीव लावतो. काळ्या चिमणीची राख मिळाली तर ती आपलीशी होईल, या वेड्या आशेने रानोमाळ फिरतो. जत्रेत त्याच्याच बापाच्या सांगण्यावरून त्याला डोक्यावर बत्ती घेऊन उभे राहावे लागते. आणि अखेरीस सगळ्या गावासमोर डुकरे धरावी लागतात. या प्रसंगात राष्ट्रगीत सुरू होते आणि ते कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. डुक्कर मात्र निसटून जाते. प्रेक्षक हसतो, आणि हसू ओठांवर असतानाच ओशाळतो. पुढे धरलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते निघतात, मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांची, फुले दांपत्याची चित्रे दिसत राहतात. त्यावर कोणी एक अक्षरही बोलत नाही. शेवटचा दगड जब्या भिरकावतो तो सरळ आपल्या दिशेने. बापाच्या भूमिकेतील किशोर कदम यांचे वाकलेले खांदे आम्ही विसरू शकलेलो नाही. त्या माणसात राग नाही असे नाही. तो मुलावरच निघतो, कारण गावावर काढणे परवडणारे नाही.

‘सैराट’विषयी मात्र आमची तक्रार चित्रपटाशी नसून त्याच्या चाहत्यांशी आहे. लोक आठवतात ती गाणी, ती विहीर, तो ट्रॅक्टर. पूर्वार्ध देखणा आहे, अजय-अतुल यांचे संगीत बेभान करणारे आहे; पण तो भाग थोड्याफार फरकाने दुसराही कोणी दिग्दर्शक करू शकला असता. काही पालकांनी या चित्रपटाने मुले बिघडतील अशी ओरड केली. या पालकांनी उत्तरार्ध डोळे उघडे ठेवून पाहिला नसावा. हैदराबादेतील ती कोंदट खोली, डोशाची गाडी, कारखान्यातले काम, भाषा न कळणे, लाडात वाढलेल्या आर्चीला येणारी घराची आठवण, परश्याचा संशय, त्याचा हात उगारणे, तिचे निघून जाणे आणि परत येणे. लग्न म्हणजे रोज नव्याने घ्यावयाचा निर्णय आहे, हे विवाहपूर्व शिबिरांतून आम्ही धर्मगुरू कितीतरी शब्द वापरून सांगत असतो. तेच येथे अत्यल्प शब्दांत दिसते. आणि मग तो शेवट: रक्तात भिजलेली इवली पावले, आणि संपूर्ण शांतता. इतके लोकप्रिय गाणे देणाऱ्या माणसाने अखेरीस आवाजच काढून घ्यावा, याला धैर्य लागते. पूर्वार्धाच्या लांबीमुळेच आम्ही ‘सैराट’ला दुसरे स्थान देतो.

आता ‘झुंड’. त्याची मुळे आपल्या परिचयाची आहेत. हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी पावसात एक तुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरे पाहिली आणि त्यातून २००१ साली झोपडपट्टी फुटबॉलचे काम उभे राहिले. चित्रपटात अमिताभ बच्चन हे विजय बोराडे झाले आहेत. आक्षेप ठाऊक आहेत: जवळजवळ तीन तासांची लांबी, उत्तरार्धात विस्कटलेली कथा, न्यायालयातील भाषण. हे आक्षेप आम्हांस मान्य आहेत. विशेषतः ते भाषण. ज्याने ‘फँड्री’त भिंतीवरील चित्रांकडून सगळे वदवून घेतले, त्याला बच्चनांच्या तोंडी व्याख्यान घालण्याची गरज का भासावी? मोठा नट मिळाला की दिग्दर्शकाला भाषणाचा मोह आवरत नसावा. पारपत्राकरिता कागदपत्रे जमविणाऱ्या गोंड मुलीची आणि तिच्या बापाची वणवण हा स्वतंत्र चित्रपटाचा विषय होता; येथे तो मध्येच येतो आणि गर्दीत हरवतो. तेव्हा रचनेच्या दृष्टीने तिघांत ‘झुंड’ सर्वांत सैल, हे कबूल.

परंतु उणा म्हणजे त्याज्य नव्हे. पहिल्या तासाभरात या पोरांची जी ‘बे’युक्त नागपुरी हिंदी ऐकू येते, ती पडद्यावर अशी निःसंकोच क्वचितच आली असेल. डॉन झालेला अंकुश गेडाम आणि त्याचे सोबती अभिनय शिकून आलेले नाहीत; त्यांची चाल, त्यांचे चिडणे, ढोलाच्या तालावर अंग सोडून देणे, सारे आपण चौकाचौकांत पाहतो आणि मान फिरवतो. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत हिंदीतील सर्वांत मोठा नट बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडून उभा राहतो, हा क्षणही दीक्षाभूमीच्या शहराला परका वाटू नये.

आणि ती भिंत! अलीकडे महाविद्यालयाचे मैदान, पलीकडे झोपडपट्टी. पोरे ती ओलांडून येतात, हाकलली जातात, पुन्हा येतात. आमचा असा तर्क आहे की ‘झुंड’ आपल्या काही सुशिक्षित कुटुंबांना रुचला नाही तो त्याच्या लांबीमुळे नव्हे. ‘फँड्री’तील गाव दूर आहे, ‘सैराट’मधील पाटील दुसरा कोणी आहे, त्यांच्याविषयी हळहळ व्यक्त करून घरी जाता येते. ‘झुंड’मधील भिंत आपल्या संस्थांची आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आले, त्यांच्या नावे १८८३ पासून महाविद्यालय चालते. आपल्या कॅथलिक शाळाही शिक्षण सर्वांपर्यंत न्यावे याच हेतूने निघाल्या. अशा शाळांची मैदाने सायंकाळी कोणासाठी उघडी असतात आणि कोणासाठी फाटकाला कुलूप असते, हे आम्ही वेगळे लिहीत नाही. एवढे सांगतो की हा चित्रपट पाहून परतताना एक पालक ‘मुले फार शिवराळ दाखवली आहेत’ एवढेच म्हणाले. त्यातल्या एकाही मुलाचे नाव त्यांना आठवत नव्हते.

म्हणून क्रम आम्ही असा लावतो: ‘फँड्री’, ‘सैराट’, ‘झुंड’. मात्र धर्मग्रामाच्या सभागृहात यांतला एकच दाखवावयाचा झाला, तर आम्ही तिसरा निवडू. मध्यंतर जरा मोठे ठेवू, चहा देऊ, आणि शेवटच्या दृश्याआधी कोणी उठू नये अशी विनंती करू. विमान आकाशात चढते आणि खाली तीच भिंत दिसते, ‘ओलांडण्यास सक्त मनाई’ अशी सूचना मिरवणारी.