वास्तू, संज्ञा आणि दोषारोप : गोथेनबर्गच्या पूर्वभागाविषयी काही विचार

नगररचनेवरील टीका इमारतींविषयी बोलत असल्याचा आभास निर्माण करते; परंतु पुष्कळदा ती इमारतींना लाभलेल्या संज्ञांविषयीच बोलत असते. स्वीडनमधील गोथेनबर्ग या बंदराच्या शहराचा पूर्वभाग हे याचे बोलके उदाहरण होय. मध्यवस्तीलगतच्या गोर्दा व उल्सक्रूकेन या जुन्या कामगारवस्त्यांपासून ईशान्येच्या कोर्तेदाला व बेर्गशोन या उपनगरांपर्यंत गेले असता सुमारे शंभर वर्षांचा गृहरचनेचा इतिहास दृष्टीस पडतो. या इतिहासात घरांइतकीच शब्दांचीही स्थित्यंतरे झाली आहेत, आणि ती ध्यानात न घेता केलेले मूल्यमापन सदोष ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम जुन्या वस्त्यांचा विचार करू. आगीच्या भयामुळे या शहरात लाकडी घरांना दोन मजल्यांची मर्यादा होती. तळमजला दगडविटांचा बांधून त्यावर लाकडाचे दोन मजले चढवावयाचे, अशी तोड १८७० च्या दशकात निघाली. प्रांताधिकाऱ्याने तिला संमती दिली, म्हणून अशा घराला 'लान्सहोव्दिंगेहूस', म्हणजे 'प्रांताधिकाऱ्याचे घर', हे नाव पडले. समासाचा विग्रह येथे दिशाभूल करतो. प्रांताधिकारी त्या घरांत कधीच राहिला नाही. तेथे राहिले ते कामगार. नाव मिळाले ते रहिवाशांवरून नव्हे, परवानगीवरून. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही घरे जुनाट व अनारोग्यकारक ठरून मोठ्या प्रमाणावर पाडली गेली. जी उरली त्यांची दुरुस्ती झाली, अंगणातले शौचकूप जाऊन घरातच न्हाणीघर आले, आणि आज तीच घरे शहराचे भूषण मानली जातात. भाषाशास्त्राच्या परिभाषेत हा अर्थोत्कर्ष आहे. पण त्याच्या मुळाशी दुरुस्ती आहे, हे विसरता कामा नये.

याच्या उलट प्रवास दुसऱ्या एका संज्ञेचा झाला. घरांच्या तीव्र टंचाईवर उपाय म्हणून १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत दहा लाख घरे बांधण्याचे धोरण स्वीडनने स्वीकारले. देशाची लोकसंख्या तेव्हा अवघी सुमारे ७७ लाख होती, हे लक्षात घेता संकल्पाची विशालता ध्यानात येईल. या योजनेला 'दशलक्ष कार्यक्रम' असे नाव पडले; म्हणजे घरकुलांची ओळख एका संख्येने झाली. वस्तुतः यांतील सुमारे एकतृतीयांश घरे स्वतंत्र वा जोडघरे होती. तथापि आज हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर उभी राहते ती शहराच्या कडेची काँक्रीटची उंच इमारत. हा अर्थसंकोच, आणि त्याच्या पाठोपाठ आला अर्थापकर्ष.

बेर्गशोन हे मुख्यत्वे याच कालखंडातील उपनगर. त्याच्या नावाचा अर्थ 'डोंगरातले तळे'; हे नाव भूमीचे आहे. रस्त्यांची नावे मात्र आकाशातून आणलेली आहेत : अंतराळ-चौक, धूमकेतू-चौक, दुर्बीण-रस्ता, गॅलिलिओ-रस्ता. शेजारच्या, १९५० च्या दशकात उभ्या राहिलेल्या कोर्तेदालात नावे कालगणनेवरून दिली गेली; तेथे जानेवारी-रस्ता आहे, एप्रिल-रस्ता आहे आणि दिनदर्शिका-मार्गही आहे. एकाच वर्गातील शब्द ओळीने वाटून देण्याच्या या पद्धतीला कृत्रिम म्हणून हिणविणे सोपे आहे. परंतु शब्द आणि अर्थ यांचा संबंध मुळातच यादृच्छिक असतो. नावाला अर्थ येतो तो वापराने. ज्या मुलाचे बालपण धूमकेतू-चौकात ट्रामची वाट पाहण्यात गेले, त्याला ते नाव कृत्रिम वाटण्याचे कारण नाही.

आक्षेप घ्यावयाचा तो वेगळ्याच शब्दावर. स्वीडिश पोलिसांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत बेर्गशोनची गणना 'विशेष उतसात' क्षेत्रांत केली. 'उत' म्हणजे बाहेर, 'सात' म्हणजे ठेवलेले. संकटाच्या तोंडी दिलेले, असा त्याचा रूढ अर्थ. हे कर्मणी धातुसाधित आहे, आणि त्यातून कर्ता लुप्त झाला आहे. कोणी बाहेर ठेवले, याचे उत्तर शब्द देत नाही. गुन्हेगारी, बेकारी, तुटपुंजे उत्पन्न या गोष्टी खऱ्या आहेत व त्यांची नोंद घेणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. परंतु विशेषण 'क्षेत्रा'ला चिकटल्यामुळे सामाजिक दोष भिंतींच्या माथी मारला जातो, आणि पाडापाडीचा युक्तिवाद आपोआप सिद्ध झाल्यासारखा वाटू लागतो.

याचा अर्थ या वास्तूंत दोषच नाहीत, असा नव्हे. कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या फळ्यांची एकसुरी पुनरावृत्ती डोळ्यांना शिणविते. तरीही घरांच्या दाराशी येणारे खडक व अरण्य, उजेडाच्या खोल्या, स्वतंत्र न्हाणीघर हे गुणही त्याच वास्तूंचे आहेत, आणि जुन्या कामगारवस्तीला यांतील पुष्कळ गोष्टी दुर्लभ होत्या.

उपनगराला स्वीडिशमध्ये 'फॉरऊर्ट' म्हणतात. तेथील तरुण पिढीने यातील उपसर्ग गाळून, शेवटी निश्चितता दर्शविणारा प्रत्यय लावून, 'ऊर्टेन' हा शब्द रूढ केला आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'ते ठिकाण'. वर पाहिलेल्या संज्ञांपैकी रहिवाशांनी स्वतः घडविलेली अशी ही एकच. प्रांताधिकाऱ्याची परवानगी, नियोजकाची संख्या, पोलिसांची यादी, यांपैकी तिच्यात काहीच नाही. ज्या घरांना एकेकाळी पाडण्यायोग्य म्हटले गेले ती दुरुस्तीने भूषण ठरली, हा या शहराचाच अनुभव आहे. बेर्गशोनविषयी निर्णय करणाऱ्याने तो स्मरावा, आणि निर्णय करताना यादीतील विशेषण बाजूस ठेवून प्रथम ते ठिकाण पाहावे.