पेशी थांबल्या, पण नेमक्या कशामुळे?

अँटिसेन्सची कल्पना कुणालाही पटकन आवडेल अशीच आहे. एखाद्या जनुकाच्या एमआरएनएला पूरक असा १५-२० अक्षरांचा डीएनएचा तुकडा बनवायचा आणि पेशीत सोडायचा. तो एमआरएनएला चिकटला की आरएनएज-एच नावाचं एन्झाइम तो एमआरएनए तोडतं, आणि प्रथिन बनत नाही. झामेक्निक आणि स्टीफन्सन यांनी १९७८ मध्ये १३ अक्षरांच्या तुकड्याने रूस सार्कोमा विषाणूची वाढ रोखून दाखवली, तेव्हापासून ही वाट खुली झाली.

याच वाटेवरचा १९९२ चा 'नेचर'मधला एक पेपर मला महत्त्वाचा वाटतो, पण वेगळ्या कारणासाठी. उंदरांच्या जखमी धमनीवर सी-मिब जनुकाविरुद्धचा अँटिसेन्स तुकडा लावला आणि धमनी अरुंद करणाऱ्या स्नायूपेशींची वाढ कमी झाली. कंट्रोल म्हणून वापरलेल्या 'सेन्स' तुकड्याने मात्र तसं काही झालं नाही. वाचताना वाटतं, सिद्ध झालं की!

गोम कंट्रोलमध्येच आहे. अँटिसेन्स तुकड्यात सलग चार 'जी' होते. सेन्स तुकडा म्हणजे त्याचा पूरक, त्यामुळे त्या जागी आपोआप चार 'सी' आले. म्हणजे दोन तुकड्यांत फरक एक नव्हे, दोन होते: एक एमआरएनएला चिकटण्याचा, दुसरा जी-मालिकेचा. १९९५ मध्ये दुसऱ्या गटाने 'पीएनएएस'मध्ये दाखवलं, की संवर्धित स्नायूपेशींची वाढ रोखण्याचं श्रेय या चार 'जी'चंच आहे. सी-मिबशी काही संबंध नसलेले, पण चार 'जी' असलेले तुकडेही तेच काम करत होते.

'मग एमआरएनए मोजा ना' असं कुणी म्हणेल. मोजायलाच हवा, पण तेवढं पुरत नाही. सी-मिब पेशीचक्राशी बांधलेलं जनुक आहे. पेशींचं विभाजन दुसऱ्या कशाने थांबलं तरी त्याचा एमआरएनए घटू शकतो. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

यावरून अँटिसेन्स थोतांड ठरत नाही. १९९८ मध्ये फोमिव्हिरसेन, २०१६ मध्ये नुसिनर्सेन अशी औषधं मंजूर झालीच. पण असा पेपर हाती आला की मी आधी कंट्रोलचा क्रम अक्षर-अक्षर तपासते. 'जी'ची मालिका जपून बाकी अक्षरं विस्कटलेला तुकडा आहे का? एक-दोन अक्षरं चुकवलेला? त्याच एमआरएनएवर दुसऱ्या जागी बसणारा वेगळा तुकडा? हे तिन्ही नसतील, तर 'परिणाम झाला' इतकंच खरं मानावं. 'अँटिसेन्समुळे झाला' हे नाही.