‘मजबूत व टिकाऊ’: कुंपणाच्या पोलादी खांबाच्या मराठी वर्णनाची चिकित्सा

साहित्यकृतीच्या भाषेची चिकित्सा करण्याची परंपरा आपल्या विभागांत चांगली रुजलेली आहे. दरपत्रक, निविदा, कारखान्याचे माहितीपत्रक यांच्या भाषेकडे मात्र आपण सहसा वळत नाही. वस्तुतः ज्या वाक्यावर विसंबून शेतकरी आपले पैसे मोजतो, त्या वाक्याचा अर्थ नीट लागतो की नाही, हा प्रश्न काव्यार्थाच्या प्रश्नाहून कमी महत्त्वाचा मानण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत नित्य आढळणाऱ्या एका साध्या वस्तूच्या, म्हणजे तारेच्या कुंपणासाठी उभ्या करावयाच्या पोलादी खांबाच्या, मराठी वर्णनाचा विचार करावयाचा आहे.

या विचारास निमित्त घरचेच घडले. वाळवे तालुक्यातील आमच्या शेताला काही वर्षांपूर्वी लोखंडी अँगल रोवून तारेचे कुंपण केले. विक्रेत्याच्या पत्रकावर खांबाचे वर्णन ‘मजबूत व टिकाऊ’ असे होते. काही पावसाळे गेल्यावर खांब एकेक करून कलू लागले. उपटून पाहता वरचा भाग जवळजवळ धड, खालचा काँक्रीटमधला भागही धड. पण जमिनीच्या पातळीपाशी चार बोटांच्या पट्ट्यात लोखंडाचा पापुद्रा झालेला. विक्रेत्याने आम्हांस फसविले, असे घरात सर्वांचे मत पडले. मला तसे म्हणवले नाही. त्याने जे लिहिले होते ते खोटे ठरविता येण्याजोगे नव्हतेच. कारण त्यात तपासून पाहता येईल असे विधानच नव्हते. आम्हीही खांब किलोवर घेतले होते आणि दुसरे काही विचारले नव्हते.

(१)

प्रथम या दोन विशेषणांकडे पाहू. ‘मजबूत’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. ज्या धातूपासून ‘जप्त’ हा आपला कचेरीतील शब्द आला, त्याच धातूचे ते कर्मणि धातुसाधित आहे. मूळ अर्थ ‘घट्ट धरून ठेवलेले’. ‘टिकाऊ’ हे ‘टिकणे’ या क्रियापदास ‘आऊ’ प्रत्यय लागून झालेले रूप, ‘विकाऊ’, ‘जळाऊ’ यांच्या जातीचे. पहिला शब्द वस्तूची आजची स्थिती सांगतो, दुसरा तिचे काळाशी असलेले नाते सांगतो. अर्थ स्वतंत्र असूनही वापरात हे दोन शब्द ‘कपडालत्ता’, ‘भाजीपाला’ यांसारखे एकजीव झाले आहेत. अशा जोडीत दुसऱ्या घटकाचा वेगळा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उमटत नाही. जे मजबूत ते टिकणारच, असे आपण धरून चालतो.

अभियंत्याच्या दृष्टीने हे गृहीतक कसे फसते, ते आकड्यांनीच दाखविणे बरे. जमिनीवर १.५ मीटर उंच असलेल्या खांबाच्या शेंड्याला एखाद्या म्हशीने अंग घासताना ३० किलो वजनाइतका आडवा रेटा दिला, असे समजू. खांबाच्या बुडाशी सुमारे ४४० न्यूटन-मीटर एवढा वाकविणारा परिणाम होतो. ४० × ४० × ५ मिमी मापाच्या अँगलचा छेद-गुणांक सुमारे १.९ घन सेंमी असतो. म्हणजे बुडाशी दर चौरस मिलिमीटरला सुमारे २३० न्यूटन प्रतिबल निर्माण होते. भारतीय मानक आयएस २०६२ मधील नेहमीच्या वापराचे पोलाद २५० न्यूटनच्या आसपास कायमचे वाकू लागते. तेव्हा एका म्हशीच्या सहज रेट्याने हा खांब आपल्या मर्यादेच्या जवळ जातो.

आता ५० × ५० × ३ मिमी मापाचा अँगल घ्या. त्याचाही छेद-गुणांक सुमारे १.९ घन सेंमी भरतो. पहिल्याचे वजन मीटरला ३ किलो, दुसऱ्याचे २.३ किलो. अर्थात तेवढीच ताकद सुमारे पाऊणपट लोखंडात मिळते. वाकण्याला होणारा विरोध हा लोखंड किती आहे यापेक्षा ते मध्यापासून किती दूर पसरले आहे यावर अधिक अवलंबून असल्यामुळे असे घडते. ‘मजबूत’ या एकाच शब्दाचा विचार केला तर दुसरा खांब निःसंशय अधिक शहाणपणाचा होय.

परंतु ‘टिकाऊ’ हा शब्द आता जागा करू. गंजामुळे दोन्ही पृष्ठांवरून मिळून १ मिमी लोखंड गेले, असे गृहीत धरा. पाच मिलिमीटरच्या अँगलची ताकद ढोबळमानाने एक पंचमांशाने घटेल, तीन मिलिमीटरच्या अँगलची एक तृतीयांशाने. २ मिमी गेले तर पहिल्याजवळ तीन पंचमांश उरेल, दुसऱ्याजवळ केवळ एक तृतीयांश. पहिल्या दिवशी समसमान असलेले दोन खांब काही वर्षांनी अगदी असमान होतात. मजबुती लोखंड पातळ करून पसरावयास सांगते. टिकाऊपणा ते जाड ठेवावयास सांगतो. रचनाकाराचे सारे कौशल्य या दोन विरुद्ध मागण्यांमध्ये तोल साधण्यात आहे, आणि आपली भाषा नेमक्या त्याच ठिकाणी या दोन मागण्यांना ‘व’ या अव्ययाने जोडून मोकळी होते.

(२)

दुसरा विचार नामाचा. पत्रकात या वस्तूला ‘खांब’, ‘पोल’ किंवा नुसते ‘अँगल’ म्हणतात. ‘खांब’ (प्राकृत ‘खंभ’) म्हटले की मराठी मनापुढे छप्पर तोलणारी वस्तू उभी राहते. वरून भार, खाली आधार. कुंपणाचा खांब यातले काहीच करीत नाही. तारेचा उभा भार नगण्य असतो. त्याचे काम आडव्या ओढीला उत्तर देण्याचे, एका टोकाला घट्ट धरलेल्या दांड्याचे आहे. या कामाला मराठीत जुना शब्द आहे, तो ‘खुंट’ किंवा ‘खुंटा’. जनावर ओढते आणि खुंटा मातीच्या बळावर त्या ओढीला तोंड देतो. ‘खुंटा हलवून बळकट करणे’ या वाक्प्रचारात तर हे शास्त्रच सामावलेले आहे: बळकटी ही लाकडाची नसून माती आणि लाकूड यांच्या पकडीची असते, आणि ती हलवूनच पारखावयाची असते. फांदीचा भार पेलण्यासाठी ‘मेढ’, ओढ सोसण्यासाठी ‘खुंट’, छपरासाठी ‘खांब’ असा कामानुसार भेद आपल्या बोलीने केला होता. बाजाराच्या भाषेने तो पुसून टाकला.

या पुसण्याचे परिणाम शेतात दिसतात. मधला खांब केवळ आडवा रेटा सोसतो. कोपऱ्याच्या व टोकाच्या खांबावर मात्र साऱ्या तारांचा ताण एकाच दिशेने अखंड असतो. म्हणून कोपऱ्याचा खांब मोठ्या छेदाचा, अधिक खोल रोवलेला आणि तिरप्या टेकूने सावरलेला असला पाहिजे. अँगलचा आणखी एक दोष असा की, तो सर्व दिशांना सारखा ताठ नसतो आणि आडव्या रेट्याखाली वाकता वाकता पिळतोही. दरपत्रकात ‘खांब, नग इतके’ एवढेच असेल, तर कोपऱ्यालाही मधल्याच मापाचा अँगल लागतो. तो प्रथम कलतो, तारा सैल पडतात आणि दोष तारेच्या माथी जातो.

(३)

तिसरा विचार स्थळाचा. ‘टिकाऊ’ हे विशेषण वस्तूला लावले जाते, पण तो गुण एकट्या वस्तूचा नाही. वस्तू आणि स्थळ यांच्या संबंधाचा आहे. महाबळेश्वरच्या पठारावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जत-आटपाडीकडे तो ५०० मिमीच्या आसपास असतो. कृष्णाकाठच्या वाळवे, पलूस, मिरज या तालुक्यांत अतिरिक्त पाण्यामुळे काळी जमीन ठिकठिकाणी क्षारपड झाली आहे. क्षारयुक्त ओल्या मातीतून विद्युत्‌प्रवाह सहज वाहतो आणि गंजण्याची क्रिया ही मूलतः विद्युत्-रासायनिक असल्याने तेथे लोखंड लवकर झिजते. शिवाय काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खांबाभोवती फट पडते, तीत पाणी साचते. जमिनीच्या तोंडाशी ओल आणि हवा या दोहोंचा सतत पुरवठा असतो. आमचे खांब नेमके त्या चार बोटांत का खाल्ले गेले, याचे उत्तर येथे आहे. नेमक्या त्याच ठिकाणी वाकविणारा परिणामही सर्वाधिक असतो, हा दुहेरी दुर्योग होय.

यावरचे उपाय गूढ नाहीत. काँक्रीटचा माथा जमिनीच्या थोडा वर घ्यावा आणि पाणी खांबापासून दूर वाहील असा त्यास उतार द्यावा. भोके पाडणे, वेल्डिंग करणे ही कामे जस्त चढविण्यापूर्वी उरकावी. नंतर केलेले वेल्डिंग जस्त जाळते. पोकळ पाइप वापरल्यास त्याचे तोंड झाकावे, एरवी तो आतून गंजतो आणि ते दिसतही नाही. येथेही भाषेचा एक सापळा आहे. ‘जी.आय.’ ही दोन अक्षरे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या खांबालाही लावतात आणि विजेच्या साहाय्याने अत्यंत पातळ मुलामा दिलेल्या खांबालाही. आयएस ४७५९ नुसार ५ मिमी व त्याहून जाड पोलादावर बुडवून दिलेला जस्ताचा थर दर चौरस मीटरला ६१० ग्रॅम, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन, असावा लागतो. विजेने दिलेला मुलामा सामान्यतः याच्या एका लहानशा अंशाएवढाच असतो. दोन्ही चकाकतात, पातळ मुलामाच पुष्कळदा अधिक चकाकतो.

(४)

या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष अर्थपूर्ण वाटतो. १९४९ पर्यंत आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग साताऱ्यातच होता. औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या जागेवर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. औंध आज साताऱ्यात, किर्लोस्करवाडी सांगलीत. लोखंडी नांगराने जमीन विषारी होईल, या शेतकऱ्याच्या समजुतीशी त्यांना झगडावे लागले, ही हकीकत सुप्रसिद्ध आहे. हा झगडा लोहाराच्या ऐरणीवर जितका झाला तितकाच भाषेतही झाला. कारखान्याने १९२० पासून स्वतःचे मराठी मासिक चालविले, हा योगायोग नव्हे. त्या काळी लोखंड मातीला बाधेल असे भय होते. माती लोखंडाला बाधते, ही उलट बाजू सांगणारे मराठी गद्य मात्र आपण पुरेसे निर्माण केले नाही.

दुसऱ्या टोकाला वाई. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली तेथे मराठी विश्वकोशाचे काम चालले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. शास्त्रीय मराठीला सुसंगत परिभाषा देण्याचा तो प्रयत्न थोर होता, यात शंका नाही. तथापि ‘प्रतिबल’ हा शब्द वाईहून किर्लोस्करवाडीच्या वाटेवरील फॅब्रिकेटरच्या दुकानापर्यंत पोचला नाही. ‘मृदू पोलाद’ तर मराठी कानाला विसंगतच वाटते. कारण ‘पोलादी’ म्हणजे कठीण, असा आपला रूढ संकेत आहे. दुकानात त्याच धातूला ‘लोखंड’ म्हणतात आणि व्यवहार अडत नाही. एकीकडे नेमका पण न पोचलेला शब्द, दुसरीकडे पोचलेला पण नेमका नसलेला शब्द, अशी ही स्थिती आहे.

या स्थितीवर दोन मते नेहमी ऐकू येतात. एक पक्ष संस्कृतोद्भव परिभाषेचा आग्रह धरतो, दुसरा इंग्रजी शब्द जसेच्या तसे घ्यावे म्हणतो. माझ्या मते हा वाद शब्दाच्या कुळाविषयीचा आहे आणि म्हणून गौण आहे. ‘अँगल’ मराठीत रुळला आहे. तो काढण्याचे कारण नाही. खरी उणीव शब्दाची नसून वाक्याची आहे. तांत्रिक वाक्याची कसोटी एकच: ते खोटे ठरविता येते काय? ‘खांब मजबूत व टिकाऊ आहे’ हे वाक्य या कसोटीस उतरत नाही. याउलट पुढील वर्णन पाहावे: “मधला खांब ५० × ५० × ६ मिमी अँगलचा, मीटरला ४.५ किलो, भोके पाडून झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला, जस्त चौरस मीटरला ६१० ग्रॅम, दोन फूट खोल रोवलेला, काँक्रीटचा माथा जमिनीवर दोन इंच व उताराचा, कोपऱ्याचे खांब याहून मोठे व टेकूसह.” यात एकही अवघड शब्द नाही. तराजू, मोजपट्टी आणि डोळे एवढ्या साधनांनी त्यातील बहुतेक विधाने शेतकरी बांधावर उभा राहून तपासू शकतो. जस्ताच्या थरासाठी तेवढे प्रमाणपत्र मागावे लागेल. या अँगलचे वजन पूर्वोक्त ४० × ४० × ५ मिमी अँगलच्या दीडपट आणि ताकद जवळजवळ दुप्पट आहे, हेही ध्यानात घ्यावे.

अशा वर्णनाने खांबाची किंमत वाढेल, हा आक्षेप खरा आहे. जतच्या कोरड्या माळावर एवढ्या जस्ताची गरज नसेल, असेही कोणी म्हणेल. तेही विचारात घेण्याजोगे आहे. परंतु हा निर्णय कोणी आणि कशाच्या आधारे घ्यावयाचा? वर्णन नेमके असेल तरच कमी जस्ताचा स्वस्त खांब जाणूनबुजून निवडता येईल. अन्यथा स्वस्त खांब आणि फसवा खांब यांत भेद उरत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी विषय शोधताना दरपत्रके, निविदा आणि माहितीपत्रके यांच्या मराठीकडे वळावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते. आमच्या शेताचे कुंपण पुन्हा उभे करावयाचे आहे. या वेळी दरपत्रक मागविताना वरील वर्णन आम्ही लिहून दिले. पहिल्या दुकानदाराने ते वाचून दर सांगण्याचे टाळले; दुसऱ्याने कागद हाती घेतला, मोजपट्टी मागवली आणि कोपऱ्याचे खांब किती लागतील, असा प्रश्न केला. मराठीतून तांत्रिक व्यवहार होऊ शकतो की नाही, या वादात मला तो प्रश्न पुरेसा बोलका वाटतो.