हायर अपाकॉट : एका छपराखालील घर आणि गोठा

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचा ग्रॅनाइटचा उजाड माळ पसरला आहे. त्याच्या आग्नेय भागात, पाउंड्सगेट खेड्यानजीक, हायर अपाकॉट हे शेतकऱ्याचे जुने घर उभे आहे. त्याची उभारणी चौदाव्या शतकातील मानतात. इंग्रजी वास्तुकला म्हटली की आपल्याकडे कॅथीड्रले आणि उमरावांचे वाडे यांचीच वर्णने होतात. परंतु त्या लोकांच्या बांधकामबुद्धीची खरी पारख अशा घरापाशी होते, असे आमचे मत आहे.

या घरांना तिकडे ‘लाँगहाऊस’ म्हणतात. छप्पर एकच आणि लांबट; वरच्या अंगास माणसे, खालच्या अंगास गुरे. मधोमध एक आरपार बोळ असून त्याच्या दोन्ही टोकांस समोरासमोर दारे असतात. मुळात माणूस आणि जनावर याच दाराने आत येत. एक चुलीकडे वळे, दुसरे दावणीकडे. गोठ्याला तेथे ‘शिपन’ हे नाव आहे. दोन्ही लांब भिंतींशी गुरे तोंड करून बांधलेली, मधून दगडी मोरी वाहणारी आणि तिचे तोंड शेवटच्या भिंतीतील छिद्रातून बाहेर काढलेले, अशी ही रचना. वर वैरणीचा माळा. उजेडासाठी अरुंद झरोके, तेवढेच.

आमच्या मते या घराचा सारा आराखडा त्या मोरीने ठरविला आहे. मलमूत्र वाहून जावे म्हणून घर उताराला समांतर लांबविले; गोठा खाली, म्हणून चूल वर; आणि दोहोंमध्ये बोळ आवश्यक झाला. कोठेही कोरीव काम शोधू नये. दगडसुद्धा खाणीतून काढलेला नसून बहुतांशी माळावर पडलेला, वेचून आणलेला आहे. तरीही इतकी प्रमाणबद्ध लांबट आकृती कित्येक नामवंत शिल्पज्ञांस साधलेली नाही.

गाईस देवता मानणाऱ्या आमच्या वाचकांस येथे गोभक्तीचे दर्शन घेण्याचा मोह होईल. तो आवरावा. डार्टमूरच्या शेतकऱ्याने गुरे ठेविली ती दूध, मांस व खत यांसाठी, आणि थंडीवाऱ्यात ती हाताशी असावीत म्हणून. तेवढ्यावरून हे दारिद्र्याचे लक्षण होय असाही निष्कर्ष काढला जातो. तोही आम्हांस मान्य नाही. अत्यंत गरिबांची घरे काळाच्या ओघात बहुतेक नाहीशी झाली. जी टिकली ती बव्हंशी खाऊनपिऊन सुखी कुळांची आहेत.

पुढील बदलांत मात्र माणूस गुरांपासून दूर सरकत गेलेला दिसतो. आरंभी चूल उघडी होती. धूर गवताच्या छपरातूनच वाट काढी, आणि डेव्हनमधील कित्येक जुन्या छपरांखाली त्याची काजळी अजून आढळते. सोळाव्या-सतराव्या शतकांत धुराडी आली, वर मजले पडले. मग पुष्कळ घरांत गुरांना निराळे दार मिळाले. अखेर आधुनिक काळी कित्येक शिपनांच्या जागी गालिचे व मोठमोठ्या खिडक्या आल्या. बाहेरून घर जुनेच. आतून त्याचा अर्धा अर्थ गेला.

हायर अपाकॉटचे महत्त्व येथेच आहे. त्याचे शिपन राहण्याची खोली बनलेले नाही. 1979 साली डार्टमूर राष्ट्रीय उद्यानाच्या व्यवस्थापनाने ही वास्तू विकत घेतली. संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीत ती प्रथम श्रेणीत आहे. गुरे नसलेला गोठा हे निव्वळ प्रदर्शन होय, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप अगदीच पोकळ नाही. शेणाचा वास व रवंथीचा आवाज यांवाचून ती जागा अपुरी वाटणारच. परंतु रिकामा गोठा निदान आपण गोठा आहोत हे सांगतो. दिवाणखाना झालेला गोठा ते लपवितो. यांत निवड करावयाची तर आम्ही पहिल्याचीच करू.

ज्यांस हा आराखडा समजला त्यांनी याच माळावरील हाऊंड टॉर येथील ओसाड वस्तीही पाहावी. 1961 ते 1975 या काळात तिचे उत्खनन झाले. पंधराव्या शतकाच्या सुमारास ओस पडलेल्या त्या वस्तीत आता भिंतींचे खालचे थरच उरले आहेत. छप्पर नाही, दारे नाहीत. तरी लांबट घर कोणत्या अंगास उतरते ते पाहिले की गुरे कोठे बांधीत असत हे विचारावे लागत नाही.