वर्षावासातले वाचन

मराठी वाचक उणावत चालला आहे, अशी हाकाटी प्रस्थापित साहित्यव्यवहारात गेली कित्येक वर्षे चालू आहे. आवृत्ती खपत नाही, ग्रंथालयात कुणी फिरकत नाही, तरुण मोबाईलमधून मान वर काढत नाहीत, ही त्या हाकाटीची ठरलेली कडवी. पण ही मोजदाद कुणाची? जो पुस्तक विकत घेतो, खोलीत एकटा बसून वाचतो आणि वाचून झाले की कपाटात ठेवतो, तोच या हिशेबातला वाचक. त्या हिशेबाने वाशीम जिल्ह्यातल्या धनजसारख्या गावात वाचक औषधालाही सापडायचा नाही. मात्र आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, तेथल्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ रोज संध्याकाळी मोठ्याने वाचला जातो. एक वाचतो आणि शेतातून परतलेली, हातपाय धुऊन आलेली तीस-चाळीस माणसे ऐकतात. त्यांत बायका अधिक. ही माणसे वाचक नव्हेत काय?

आपल्याकडे वाचन असेच सुरू झाले. 1920 साली ‘मूकनायक’ निघाला, 1927 साली ‘बहिष्कृत भारत’, 1930 साली ‘जनता’. अक्षर ओळखणारा वस्तीत एखादाच. तो वाचायचा, बाकीचे ऐकायचे, आणि ऐकलेल्यावर रात्री उशिरापर्यंत वाद घालायचे. अंकाच्या खपावरून त्याचा वाचक मोजणे तेव्हाही मूर्खपणाचे होते. आजही दीक्षाभूमीवर आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे जी गर्दी लोटते, ती पाहून वाचक संपला असे म्हणायला धाडस लागते.

तेव्हा प्रश्न वाचक आहेत की नाहीत हा नव्हे. ते काय वाचतात आणि कसे वाचतात, हा आहे. आणि तो आपण आपल्यालाच विचारला पाहिजे.

धनजला मी काही संध्याकाळी श्रोत्यांत बसलो. रोहिणीच्या पाण्याचा भाग चालू होता. शाक्य आणि कोलीय यांच्यात नदीच्या पाण्यावरून तंटा होतो, संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ एकटा विरोधात उभा राहतो. सेनापती त्याला बजावतो की संघ तुझ्या कुटुंबावर बहिष्कार घालील, जमीन जप्त करील. या वाक्याला सगळा विहार हलला. बहिष्कार म्हणजे काय, हे त्या माणसांना तळटीप देऊन सांगावे लागत नाही. विहिरीचे पाणी, गिरणीतले दळण, मजुरी बंद होणे, हे त्यांच्या आईबापांनी भोगलेले आहे. पुढच्या ओळीवर एक म्हातारा सहज म्हणाला, ‘‘पान्याचीच भांडनं, भाऊ. तवाबी अन् आताबी.’’ आमच्या समीक्षेत यालाच अनुभवाशी तादात्म्य वगैरे म्हणतात. म्हाताऱ्याचे वाक्य अधिक नेमके आहे.

बाबासाहेबांनी या ठिकाणी परंपरेची कथा बदलली, हे येथे ध्यानात घ्यावे. रोगी, वृद्ध आणि प्रेत पाहून राजपुत्राला वैराग्य आले, ही कथा त्यांना पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर हे दिसलेच नाही काय, असा त्यांचा रोकडा सवाल. आणि बायकोला झोपेत सोडून रात्री निघून जाणारा सिद्धार्थही त्यांनी ठेवला नाही. त्यांचा सिद्धार्थ यशोधरेशी बोलून निघतो.

नेमक्या याच जागी मागे बसलेल्या एका बाईने विचारले, ‘‘अन् लेकराले कोनं पाह्यलं? ते पुढं येते काय?’’

वाचणाऱ्या तरुणाने मान वर न करता सांगितले, ‘‘मधी बोलू नका बाई, वाचन सुरू हाये.’’ बाई गप्प झाली. वाचन पुढे सरकले. मला मात्र त्यापुढचे काही ऐकू आले नाही.

तो तरुण उर्मट नाही. दिवसभर स्पर्धा परीक्षेची गाईडे वाचतो, संध्याकाळी पदरमोड करून विहारातल्या दिव्याचीही सोय पाहतो. त्याला वाटते की ग्रंथ पवित्र आहे आणि पवित्र ग्रंथात कुणी मध्ये बोलत नाही. हा संस्कार आला कोठून? तालुक्याचे गाव कारंजा. परंपरा त्याला नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान मानते, आणि ‘गुरुचरित्रा’चे सप्ताह तेथे परंपरेने होतात. बावन्न अध्याय, सात दिवस, ठरलेले नियम. तेथे वाचनाचे फळ वाचून पुरे करण्यात आहे, कळण्यात असलेच पाहिजे असे नाही. ती त्यांची रीत, त्यांनी पाळावी. पण आपण कळत-नकळत तीच रीत उचलून बाबासाहेबांच्या ग्रंथाला लावली आहे. श्रावणात किती पाने झाली, आश्विनापर्यंत संपेल ना, ही चिंता मी तेथे ऐकली. ही पारायणाची चिंता आहे.

आणि ज्या पुस्तकाचे हे पारायण चालले आहे, ते उघडते प्रश्नांनी! परिव्रज्या का घेतली, चार आर्यसत्ये मूळची आहेत काय, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, भिक्खू कशासाठी. हे चार प्रश्न बाबासाहेबांनी प्रास्ताविकातच वाचकापुढे टाकले आणि त्यांवर वाचकांनीही विचार करावा अशी अपेक्षा ठेवली. बाईचा प्रश्न या चौघांच्या पंक्तीत बसणारा पाचवा होता. त्याचे उत्तरही त्याच ग्रंथात आहे, राहुल पुढे येतो, यशोधराही येते. दोन मिनिटांचे काम होते.

मोबाईलवर फिरणारी बाबासाहेबांची वचने हीसुद्धा या पारायणाचीच धाकटी भावंडे. त्यांतली कित्येक बाबासाहेबांची नाहीतच. 1979 पासून शासनाने ‘लेखन आणि भाषणे’चे खंड काढले म्हणून ‘खंड कोणता, पान कोणते’ असे विचारण्याची सोय तरी झाली. पण ते खंडही मागाल तेव्हा मिळत नाहीत. छपाई रखडल्याची दखल 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली.

शेवटच्या संध्याकाळी, वाचन आटोपल्यावर, मी पिशवीतून बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ काढले आणि काही पाने वाचली. बाईंनी ते दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहिले होते आणि कित्येक वर्षे दडवून ठेवले होते, हेही सांगितले. यावेळी कुणी कुणाला गप्प केले नाही, कारण हे पुस्तक कुणाला पवित्र वाटत नव्हते. बायका मध्येच हसल्या, मध्येच म्हणाल्या, ‘‘आमच्या इकडं असं नव्हतं,’’ आणि फलटणकडचे व वऱ्हाडातले नवरीचे हाल कसे वेगळे, यावर चांगली खडाजंगी झाली. एकीने पदराने डोळे पुसले आणि लगेच विचारले की या बाईच्या नवऱ्याला पुढे कळले का. तो तरुण दाराशी उभा राहून ऐकत होता. जाताना त्याने पुस्तक मागून घेतले. आणि विचारले, ‘‘सर, हे वर्षावासात वाचलं तर चालते काय?’’