एंट्रॉपी म्हणजे अव्यवस्था?

‘एंट्रॉपी म्हणजे अव्यवस्था’ हे वाक्य वर्गात सर्रास सांगितले जाते. ते सोपे आहे, लक्षातही राहते. पण आमच्या मते ते अपुरे आहे आणि काही ठिकाणी चक्क दिशाभूल करते. हे पडताळायला चौकटीचा कागद पुरतो.

प्रत्येकी ७ चौकटी व्यापणाऱ्या काड्या कागदावर आडव्या किंवा उभ्या ठेवा. अट एकच : एका चौकटीत दोन काड्या नकोत. काड्यांत आकर्षण नाही, मांडण्यांच्या ऊर्जेत फरक नाही. म्हणून तापमानाचाही प्रश्न नाही. काड्या थोड्या असतील तर आडव्या-उभ्या साधारण सारख्याच दिसतील. गर्दी वाढली की आडवी काडी उभीची वाट अडवू लागते. बहुतेक काड्या एकाच दिशेच्या झाल्या, तर दिशा निवडण्याचे स्वातंत्र्य जाते. पण सरकण्याचे स्वातंत्र्य त्याहून अधिक मिळते. एकूण मांडण्या वाढतात, म्हणजेच एंट्रॉपी वाढते आणि तिच्यामुळेच शिस्त येते!

मोकळ्या अवकाशातील लांब, बारीक काड्यांसाठी हा विचार लार्स ऑन्सागर यांनी १९४९ मध्ये मांडला. चौरस जालकावर हे अवस्थांतर होण्यास काडीची लांबी किमान ७ चौकटी लागते, असे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आनंदमोहन घोष आणि दीपक धर यांनी २००७ मध्ये संगणकीय गणनेवरून दाखवले. खूप लांब काड्यांसाठी गणिती सिद्धता २०१३ मध्ये मिळाली.

गंमत पुढेच आहे. कागद जवळजवळ पूर्ण भरला की शिस्त पुन्हा मोडते. ७ × ७ चा चौकोन भरण्याच्या रीती दोनच : सगळ्या आडव्या किंवा सगळ्या उभ्या. मोठ्या कागदावरील असा प्रत्येक चौकोन आपली दिशा स्वतंत्रपणे निवडू शकतो. असे १० चौकोन असतील तर एवढ्यानेच १०२४ मांडण्या होतात! उलट, सगळ्या काड्या आडव्या ठेवून गच्च भरलेल्या ओळीत सरकायला जागाच उरत नाही.

या प्रतिकृतीलाही मर्यादा आहेत. खऱ्या रेणूंना दोनच दिशांचे बंधन नसते आणि त्यांच्यात आकर्षणही असते. त्यामुळे प्रत्येक द्रव-स्फटिकाचे स्पष्टीकरण तिच्यात शोधू नये. पण ‘आकर्षणाशिवाय शिस्त नाही’ हा समज खोडायला ती पुरेशी आहे.

म्हणून शिक्षकमित्रांना आमची सूचना : ‘अव्यवस्था’ हा शब्द बाजूला ठेवून ‘शक्य मांडण्यांची संख्या’ असे सांगावे आणि ती मोजायला विद्यार्थ्यांच्या हाती चौकटीचा कागद द्यावा.